आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील पदभ्रमण

आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील पदभ्रमण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील युटा राज्याच्या आग्नेय भागात असलेल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानातील पाषाण-कमानी व पाषाणभित्ती पाहण्यासाठी केली जाणारी पायी सफर. ही सफर बहुधा अर्ध्या दिवसापासून दोन दिवसांपर्यंतची असते. तिच्यातील बहुतेक मार्ग ५ किमी.पेक्षा कमी लांबीचे असून चढही माफक असतात. तथापि मरुप्रदेशातील वाटेची कठीणता केवळ अंतरावरून ठरत नाही. जवळचे पाणी, सावलीचा अभाव, दिवसाची वेळ आणि पायांखालच्या खडकाचे स्वरूप या चार गोष्टींवर ती अवलंबून असते. अशा सफरीचा आराखडा करताना अंतर शेवटी आणि पाणी व वेळ प्रथम विचारात घ्यावी लागतात. मार्गदर्शकाचे कार्यही केवळ वाट दाखविण्याचे नसते. खडकापासून माणसाचे आणि माणसापासून भूमीचे रक्षण करणे, असे ते दुहेरी असते.

स्थान व हवामान : हे उद्यान कोलोरॅडो पठारावर, कोलोरॅडो नदीच्या उत्तरेस वसले असून त्याचे क्षेत्रफळ सु. ३१० चौ. किमी. आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. १,२४५ मी.पासून १,७२३ मी.पर्यंत आहे. उद्यानाचे प्रवेशद्वार मोॲब या गावापासून सु. ८ किमी.वर असून तेथून आतील डेव्हिल्स गार्डन या भागापर्यंत सु. २९ किमी. लांबीचा पक्का रस्ता जातो. १२ एप्रिल १९२९ रोजी या प्रदेशास राष्ट्रीय स्मारकाचा आणि १२ नोव्हेंबर १९७१ रोजी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९१६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय उद्यान सेवा त्याची व्यवस्था पाहते. एडवर्ड ॲबी या लेखकाने १९५६ व १९५७ या वर्षांतील हंगामांत येथे उद्यानरक्षक म्हणून काम केले. त्या अनुभवांवर आधारलेला डेझर्ट सॉलिटेअर हा त्याचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यामुळे या प्रदेशाचे नाव दूरवर पोहोचले.

येथील वार्षिक पर्जन्यमान सु. २० ते २५ सेंमी. असते. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ३८° से.पेक्षा वर जाते, तर हिवाळ्यात रात्री ते गोठणबिंदूच्या पुष्कळच खाली उतरते. एकाच दिवसातील कमाल व किमान तापमानांत २० अंशांहून अधिक फरक पडणे हे येथे नित्याचे आहे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने थंड होते.

शिलारूपांची उत्पत्ती : खडकांतील आरपार भोकांस सह्याद्रीत ‘नेढे’ म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवरील व रतनगडावरील नेढी गिर्यारोहकांच्या परिचयाची आहेत. परंतु ती अग्निजन्य बेसाल्टात पडलेली असून आर्चेसमधील कमानी गाळाच्या वालुकाश्मात कोरल्या गेल्या आहेत. उद्यानाच्या नोंदीत २,००० हून अधिक कमानी आहेत. खडकातील विवर निदान एका दिशेने सु. ९० सेंमी. असल्याशिवाय त्याची कमान म्हणून नोंद केली जात नाही.

सु. ३० कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्राचे पाणी वारंवार येऊन आटत गेले व मिठाचे जाड थर साचले. त्यांवर पुढे वाळू व गाळ यांचे थर बसले. यांतील एन्ट्राडा हा जुरासिक काळातील वालुकाश्म कमानींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. वरच्या थरांच्या भाराखाली मीठ घट्ट राहत नाही. ते अतिशय सावकाश वाहू लागते. अशा रीतीने सरकलेल्या मिठाने वरचे खडक काही ठिकाणी उचलले गेले व त्यांत एकमेकींस समांतर अशा उभ्या भेगा पडल्या. नंतर भूजलाने मीठ विरघळून काही भाग खचले. भेगांतून शिरलेल्या पाण्याने वाळूचे कण जोडून ठेवणारे द्रव्य हळूहळू धुऊन नेले. हिवाळ्यात तेच पाणी गोठून प्रसरण पावल्याने भेगा रुंदावल्या. दोन भेगांमधील खडक अरुंद व उंच भिंतीप्रमाणे उभा राहिला. या पाषाणभित्तींचा मधला किंवा तळाकडचा मऊ भाग झिजून भोक पडते आणि वरून खपल्या गळत गेल्या की त्याची कमान होते. खडकाचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडामुळे आला आहे.

ही क्रिया आजही चालू आहे आणि पदभ्रमणाच्या दृष्टीने हे ध्यानात ठेवणे आवश्यक असते. लँडस्केप आर्च या सु. ८८ मी. विस्ताराच्या कमानीचा सर्वांत बारीक भाग जेमतेम २ मी. जाडीचा आहे. १ सप्टेंबर १९९१ रोजी तिच्या खालच्या बाजूने सु. १८ मी. लांबीची शिला निखळून पडली. त्या वेळी कमानीखाली विसावलेले पर्यटक आवाज ऐकून धावत सुटले व बचावले. तेव्हापासून कमानीखालून जाणारी वाट बंद करण्यात आली आहे. ऑगस्ट २००८ मध्ये वॉल आर्च ही मोठी कमान रात्रीच्या वेळी पूर्णतः कोसळली. कुंपण घातलेल्या जागी आत न जाण्याची सूचना ही केवळ औपचारिकता नसते, हे या दोन घटनांवरून दिसून येते.

मार्गांची निवड : लहान सफरीसाठी तीन मार्ग विशेष सोयीचे आहेत. (१) लँडस्केप आर्चची वाट डेव्हिल्स गार्डनपासून निघते. जाऊन-येऊन ती सु. ३ किमी. असून बरीचशी सपाट आहे. मुले व वृद्ध बरोबर असलेल्या गटास ती योग्य होय. (२) डेलिकेट आर्च ही सु. १६ मी. उंचीची, उघड्या खडकाच्या कडेवर एकटी उभी असलेली कमान युटा राज्याचे चिन्हच बनली आहे. तिची वाट जाऊन-येऊन सु. ४·८ किमी. असून चढ सु. १४६ मी. आहे. मधला मोठा टप्पा उघड्या, उतरत्या खडकावरून जातो. त्यावर कोठेही सावली नाही. अखेरचा भाग कड्याच्या पोटातून काढलेल्या अरुंद पायवाटेचा असल्याने उंचीची भीती वाटणाऱ्यांना त्याची आधी कल्पना द्यावी लागते. वाटेच्या आरंभी वुल्फ रँच हे जुने लाकडी घर आहे. जॉन वेस्ली वुल्फ हा यादवी युद्धात लढलेला सैनिक १८९८ मध्ये ओहायओतून येथे येऊन राहिला. सध्याची झोपडी १९०६ च्या सुमाराची आहे. जवळच युट लोकांनी खडकावर कोरलेली घोडेस्वारांची चित्रे आहेत. अमेरिकेत घोडे स्पॅनिश लोकांबरोबर आल्याने ही चित्रे त्यानंतरची, म्हणजे साधारणतः १६५० ते १८५० या काळातील, मानतात. (३) फायरी फर्नेस हा पाषाणभित्तींचा गुंतागुंतीचा चक्रव्यूह असून तेथील सफर मार्गदर्शकासह करणे इष्ट ठरते.

फायरी फर्नेस व मार्गदर्शक : ‘धगधगती भट्टी’ असा अर्थ असलेले हे नाव तेथील उष्णतेवरून पडलेले नाही. मावळतीच्या उन्हात तांबड्या भिंती निखाऱ्यासारख्या दिसतात, त्यावरून ते पडले. प्रत्यक्षात उंच भिंतींच्या सावलीमुळे आतील भाग उघड्या खडकापेक्षा थंड असतो. येथे नेहमीच्या अर्थाने आखलेली वाट नाही. वळणे परस्परांसारखी दिसतात, कित्येक घळी पुढे बंद होतात आणि भिंतींमुळे उपग्रहाच्या साह्याने स्थान दाखविणारी उपकरणेही भरवशाची राहत नाहीत. म्हणून उद्यान सेवेच्या उद्यानरक्षकाबरोबर किंवा स्वतंत्र परवाना काढूनच आत जाता येते. दोन्ही प्रकारांत प्रवेशाची संख्या मर्यादित असून आगाऊ नोंदणी करावी लागते. पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. उद्यानरक्षकाबरोबरची सफर साधारणतः वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत चालते, ती सु. ३ किमी.ची असून तिला सु. अडीच ते तीन तास लागतात.

तीन किलोमीटरांस तीन तास का लागतात, हे कळले म्हणजे अशा सफरीचे स्वरूप कळते. अरुंद भेगांतून आडवे होऊन सरकावे लागते, दोन शिलांमधील फटी ओलांडाव्या लागतात, कोठे हातांचा तर कोठे बसून घसरण्याचा आधार घ्यावा लागतो. गट एका ओळीत चालत असल्याने एकाला अडलेली जागा सर्वांना थांबविते. त्यामुळे पाठीवरची पिशवी लहान असावी आणि गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीवरून ठरवावा, हा नियम येथे सक्तीचाच होतो. मार्गदर्शक प्रारंभीच प्रत्येकाजवळील पाणी व पादत्राणे तपासतो, गटातील कोणास गुडघ्याचे, श्वासाचे किंवा उंचीचे भय आहे हे विचारून घेतो, आणि पहिल्या कठीण जागेपाशी पुढे जावे की परतावे याचा निर्णय घेतो. आत शिरल्यावर मागे फिरणे एकट्याला अवघड असते. म्हणून ज्यास शंका वाटते त्याने प्रारंभीच थांबणे, हे गटाच्याही हिताचे ठरते. वाटेत तो स्कल आर्च, सरप्राइझ आर्च यांसारख्या कमानी, वनस्पती व खडकांचे थर यांविषयी माहिती देतो.

हंगाम, परवाने व वेळापत्रक : एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर हे दोन काळ सर्वांत अनुकूल होत. तेव्हा दिवसाचे तापमान सामान्यतः १५° ते २७° से. असते. जून ते ऑगस्ट या महिन्यांत उघड्या खडकावरील वाटा पहाटे किंवा सायंकाळीच चालाव्यात. हिवाळ्यात गर्दी नसते. तथापि सावलीतील खडकावर बर्फाचा पातळ थर राहतो व डेलिकेट आर्चच्या कडेची वाट धोक्याची होते.

उद्यानास २०२१ मध्ये १८ लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. वाढत्या गर्दीमुळे २०२२ पासून काही वर्षे गर्दीच्या महिन्यांत ठराविक वेळेच्या प्रवेशासाठी आगाऊ आरक्षण सक्तीचे करण्यात आले होते. असे नियम वर्षागणिक बदलतात. त्यामुळे प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या सूचना पाहणे व प्रथम मार्गदर्शित सफरीची तारीख निश्चित करून तिच्याभोवती उर्वरित कार्यक्रम बसविणे, हा क्रम सोयीचा असतो. भारतातून जाणाऱ्यांस सॉल्ट लेक सिटी हे मोठे विमानतळ सु. ३८० किमी. अंतरावर पडते. दीर्घ विमानप्रवास व त्यानंतरचे मोटारीचे अंतर यांचा थकवा लक्षात घेता पोहोचण्याच्या दिवशी कोणतीही चाल ठेवू नये.

पाणी व आहार : सह्याद्रीतील किल्ल्यांवर फिरणाऱ्यास वाटेत टाके किंवा झरा लागेल, अशी सवय असते; गडावरील टाक्यांत पावसाचे पाणी वर्षभर टिकते. ही सवय येथे घातक ठरते. अभ्यागत केंद्र व डेव्हिल्स गार्डन यांसारखी मोजकी ठिकाणे सोडली, तर उद्यानात पिण्याचे पाणी मिळत नाही, उपाहारगृहही नाही. दर माणशी दर दिवशी सु. ४ लि. आणि डेलिकेट आर्चसारख्या एका फेरीसाठी निदान २ लि. पाणी जवळ असावे. दहाजणांच्या गटास दिवसाला ४० लि. पाणी लागते व त्याचे वजन ४० किग्रॅ. होते. म्हणून पाणी एकाच्या पाठीवर न देता प्रत्येकाने स्वतःचे वाहावे आणि उरलेला साठा मोटारीत ठेवावा.

कोरड्या हवेचा एक फसवा परिणाम असतो. कोकणातील दमट हवेत घामाने कपडे भिजतात आणि शरीरातून पाणी जात असल्याचे माणसास जाणवते. येथे घाम आल्याबरोबर वाळून जातो. त्वचा कोरडीच राहिल्याने आपणास घाम येत नाही, असा समज होतो आणि तहान लागेपर्यंत शरीरातील पाणी पुष्कळ कमी झालेले असते. यासाठी तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी अति प्रमाणात घेतल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटून मळमळ, डोकेदुखी व भ्रम ही लक्षणे उद्‌भवतात. खारे शेंगदाणे, चिवडा किंवा तत्सम मीठयुक्त खाणे बरोबर असणे म्हणूनच आवश्यक आहे. डोके दुखणे, चक्कर, ओकारी व पायांत गोळे ही उष्णतेने थकल्याची चिन्हे होत. अशा वेळी सावलीत बसवून, कपडे ओले करून, घोटघोट पाणी द्यावे. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा शरीर तातडीने थंड करणे व मदत मागविणे यांत क्षणाचाही विलंब करू नये.

जवळचे निम्मे पाणी संपले की जेथे असू तेथून परतावे, असा एक साधा नियम आहे. परतीच्या वाटेवर ऊन वाढलेले व शरीर थकलेले असल्याने निम्म्याच्या आधीच फिरणे अधिक सुरक्षित होय. जुलै २०२४ मध्ये शेजारच्या कॅन्यनलँड्झ राष्ट्रीय उद्यानातील सु. १३ किमी. लांबीच्या सिन्क्लाइन मार्गावर एक पिता व त्याची तरुण कन्या वाट चुकली. त्यांच्याजवळचे पाणी संपले आणि तापमान ३८° से.पेक्षा अधिक होते. त्यांनी भ्रमणध्वनीवरून मदतीचा संदेश पाठविला. पण शोध लागला तेव्हा दोघांचाही मृत्यू झालेला होता. संदेश पोहोचणे व मदत पोहोचणे यांत मरुप्रदेशात तासांचे अंतर असते.

पोशाख व साहित्य : रुंद काठाची टोपी, सैल, फिकट रंगाचे व पूर्ण बाह्यांचे कपडे आणि खडकास घट्ट पकडणारे तळ असलेले बूट वापरावेत. येथील उघड्या वालुकाश्मास ‘स्लिकरॉक’ म्हणजे निसरडा खडक म्हणतात. जुन्या वसाहतवाल्यांच्या घोड्यांचे लोखंडी नाल त्यावरून घसरत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. रबरी तळ त्यास चांगला धरून राहतो. मात्र ओल्या खडकावर आणि सुट्या वाळूने झाकलेल्या उतारावर तो खरोखरच निसरडा होतो. चढणे सोपे व उतरणे कठीण हा अनुभव येथे वारंवार येतो. म्हणून जी जागा उतरता येईल याची खात्री नाही, ती चढू नये. सायंकाळी डेलिकेट आर्च पाहण्यास जाणाऱ्याने परतीसाठी विजेरी व उबदार कपडा न विसरता घ्यावा. कागदी नकाशा, शिटी, पट्टी व चिकटपट्टी एवढे साहित्य पुरेसे असते.

उद्यानाच्या बऱ्याच भागात भ्रमणध्वनी चालत नाही. कोठे जाणार, किती वाजेपर्यंत परतणार आणि न परतल्यास कोणास कळवावे, हे गावात राहणाऱ्या किंवा घरच्या एका व्यक्तीस लिहून द्यावे. एप्रिल २००३ मध्ये ॲरन रॉल्स्टन हा गिर्यारोहक युटातील ब्ल्यूजॉन कॅन्यन या अरुंद घळीत एकटाच गेला असता निसटलेल्या शिळेखाली त्याचा हात अडकला. आपण कोठे जात आहोत हे त्याने कोणासही सांगितले नव्हते, त्यामुळे त्याचा शोध लवकर सुरू झाला नाही. पाच दिवसांनंतर स्वतःचा हात कापून त्याने सुटका करून घेतली. पुढे त्याच्या अनुभवावर चित्रपटही निघाला. अंगी कौशल्य व धैर्य असूनही एका चिठ्ठीची उणीव किती महाग पडते, याचे हे उदाहरण आहे.

पूर व वीज : जुलै ते सप्टेंबर या काळात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातही मोसमी वारे येतात व दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो. पावसाचे एकूण प्रमाण अल्प असले, तरी उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते एकदम वाहून कोरड्या ओढ्यांत व घळींत काही मिनिटांत लोंढा येतो. डोक्यावर आकाश स्वच्छ असतानाही दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खाली पोहोचतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोना राज्यातील पेज या गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या घळीत असेच घडले. घळीपाशी फारसा पाऊस नव्हता. तो काही किमी. वर पडला होता. अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक मरण पावले. त्या गटातील केवळ मार्गदर्शक वाचला. ही घळ नाव्हाहो लोकांच्या भूमीत असून त्यानंतर तेथे पक्क्या शिड्या व पुराची सूचना देणारी व्यवस्था करण्यात आली. अधिकृत मार्गदर्शकाशिवाय तेथे जाता येत नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. हवामानाचा अंदाज पाहताना केवळ आपल्या वाटेचा नव्हे, तर तिच्या वरच्या अंगाच्या सर्व पाणलोट क्षेत्राचा विचार करावा. तसेच मार्गदर्शकाने सफर रद्द केली, तर ती त्याच्या सेवेतील उणीव न मानता सेवेचाच भाग मानावा. गडगडाट ऐकू येताच कडे, एकाकी झाडे व उघडे माथे सोडून खाली यावे. मात्र खाली येताना ओढ्याच्या पात्रात आसरा घेऊ नये.

भूमीचे रक्षण : मरुभूमी ओसाड दिसत असली, तरी तिचा पृष्ठभाग सजीव आहे. झुडपांमधील वाळूवर काळसर, खडबडीत, गाठाळ असे कवच दिसते. नील-हरित शैवले, शैवाक, शेवाळी व कवके यांचे ते बनलेले असते. शैवलांचे चिकट तंतू वाळूचे कण बांधून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने जमीन उडत नाही, पावसाचे पाणी टिकते आणि हवेतील नायट्रोजन जमिनीत स्थिर होऊन वनस्पतींस उपलब्ध होतो. हे कवच एका पावलाने चिरडते व पूर्ववत होण्यास त्यास कित्येक वर्षे, काही घटकांच्या बाबतीत तर अनेक दशके लागतात. एकाच्या पावलांमागून दुसरा जातो व थोड्याच दिवसांत तेथे वाट पडते. म्हणून आखलेली वाट, उघडा खडक किंवा कोरड्या ओढ्याची वाळू यांवरूनच चालावे, असा नियम आहे. छायाचित्र घेण्यासाठी वाटेबाहेर टाकलेली चार पावले या दृष्टीने क्षुल्लक नसतात.

खडकावरील उथळ खळग्यांत पावसाचे पाणी साचते. निघोज येथील कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रवाहातील गोट्यांच्या घर्षणाने झाले आहेत. येथील खळगे मात्र साचलेल्या पाण्यामुळे वालुकाश्म झिजून झालेले असतात. कोळंबीच्या वर्गातील लहान कवचधारी प्राणी या डबक्यांत राहतात. डबके आटल्यावर त्यांची अंडी वर्षानुवर्षे कोरड्या धुळीत टिकून राहतात व पुढच्या पावसात उबतात. हातांवरील तेल, मलम किंवा साबण यांमुळे हे इवलेसे जलाशय दूषित होतात. म्हणून त्यांत हात धुऊ नयेत, आणि ते कोरडे असले तरी तुडवू नयेत. शिलाचित्रांस हात लावणे, खडकावर नावे कोरणे, दगड वा वनस्पती उचलून नेणे यांस मनाई आहे. मे २००६ मध्ये एका गिर्यारोहकाने डेलिकेट आर्चवर चढाई केली. त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटून नाव असलेल्या कमानींवर चढण्याच्या बंदीचा नियम अधिक स्पष्ट करण्यात आला.

नमुना आराखडा : अनुकूल ऋतूतील दोन दिवसांच्या सफरीची मांडणी पुढीलप्रमाणे करता येते. आदल्या दिवशी मोॲबमध्ये मुक्काम करून पाणी, खाद्यपदार्थ व परवाने यांची खात्री करून घ्यावी. पहिल्या दिवशी सकाळी अभ्यागत केंद्रात हवामान व बंद वाटा यांची चौकशी करून लँडस्केप आर्चची सोपी चाल करावी. या चालीत गटातील प्रत्येकाचा वेग, पादत्राणे व पाण्याची गरज यांचा अंदाज येतो. दुपार सावलीत घालवावी. सूर्यास्तापूर्वी दोन तास वुल्फ रँचपासून निघून डेलिकेट आर्च गाठावी व विजेरीच्या प्रकाशात सावकाश परतावे. दुसऱ्या दिवशी उद्यानरक्षकाबरोबर फायरी फर्नेसची सफर करावी आणि त्या दिवशी अन्य कोणतीही मोठी चाल ठेवू नये. वातावरण बिघडल्यास किंवा सफर रद्द झाल्यास मोटारीच्या रस्त्यालगतच्या कमानी व बॅलन्स्ड रॉकसारखी शिलारूपे पाहण्याचा पर्यायी कार्यक्रम आधीच ठरवून ठेवावा. पर्याय तयार असलेला गट मागे फिरण्याचा निर्णय वेळेवर घेऊ शकतो. तो नसल्यास ठरलेले ठिकाण गाठण्याचा आग्रह विवेकावर मात करतो. या प्रदेशातील बहुसंख्य वाटा थोड्या अंतराच्या असल्याने अर्ध्यावरून परतणाऱ्यास त्या पुन्हा एखाद्या सकाळी सहज पूर्ण करता येतात.